एस७-३०० वरून एस७-१५०० वर गेल्यावर जुन्या पॅनेलवर फक्त ####

सीमेन्सच्या जुन्या पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम नव्यावर मायग्रेट झाला, सीपीयू रनमध्ये, आयपी तोच, पिंगही लागतोय. पण पॅनेलवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) प्रत्येक आकड्याच्या जागी ####. केबल, स्विच बदलले, पॅनेल पुन्हा डाउनलोड केलं. डोकं फिरायची वेळ आली.

चाललं ते असं. पॅनेलच्या कनेक्शनमध्ये ड्रायव्हर ३००/४०० चाच ठेवून स्लॉट (रॅकमधली सीपीयूची जागा) २ चा १ केला. मग सीपीयूच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रोटेक्शन अँड सिक्युरिटी'खाली पुट/गेटला (बाहेरून सीपीयूतला डेटा लिहिण्या-वाचण्याला) परवानगी दिली आणि ॲक्सेस लेव्हल फुल ठेवली. हार्डवेअर डाउनलोडला सीपीयू स्टॉपमध्ये जातो, मशीन थांबवूनच करा.

तरी काही टॅग (पॅनेलला जोडलेले व्हेरिएबल) ####च. ते सगळे नव्याने बनवलेल्या डीबीमधले (डेटा ब्लॉकमधले). त्या डीबीच्या ॲट्रिब्यूट्समधली 'ऑप्टिमाइज्ड ब्लॉक ॲक्सेस'ची टिक काढली, कंपाइल केल्यावर ऑफसेट (डीबीतल्या प्रत्येक व्हेरिएबलचा पत्ता) दिसले, ते पॅनेलच्या टॅगशी ताडून डाउनलोड केलं. यात डीबीतल्या चालू व्हॅल्यू स्टार्ट व्हॅल्यूवर जातात. सेटपॉइंट (ऑपरेटरने ठरवून दिलेले आकडे) आधी लिहून ठेवा.