हलका अँप घेतला आणि बेस गायब झाला

मी बेस गिटार वाजवतो. माझा जुना अँप (अँप्लिफायर) क्लास एबी या जुन्या धाटणीच्या सर्किटचा, १९ किलोचा. तिसऱ्या मजल्यावरच्या तालमीला नेताना कंबर धरली, म्हणून तो विकून क्लास डी या हलक्या प्रकारचा घेतला. वजन अडीच किलो, ५०० वॉट. पहिल्याच कार्यक्रमात ढोलकी सुरू झाली आणि माझा बेस पार बुडाला. कीबोर्डवाला म्हणाला, "दादा, वाजवताय ना?"

मीही क्लास डीला शिव्या घालून मोकळा झालो. पण त्याचा काय दोष? त्यात ट्रान्झिस्टर नुसते चालू-बंद होतात, तापतात कमी, म्हणून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) छोटा. वीजही वेगानं चालू-बंद करणाऱ्या स्विचिंग पॉवर सप्लायमुळे ट्रान्सफॉर्मरही इवलासा. वजन गेलं ते तिथं.

घोळ वेगळाच होता. मागे बारीक अक्षरांत '५०० वॉट, ४ ओहम' लिहिलेलं आणि माझं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) ८ ओहमचं, म्हणजे विजेला अडथळा दुप्पट. म्हणजे हाती जेमतेम निम्मी ताकद. त्यात घरी गोड वाटतो म्हणून बेसचा नॉब भरपूर वर. खर्ज ६ डेसिबल वाढवायला चौपट वॉट लागतात. अँपवर ताण आला की आवाज दाबणारा लिमिटर बिचारा सतत गळा आवळत होता.

मित्राचं तसंच ८ ओहमचं कॅबिनेट समांतर जोडलं, झाले ४ ओहम. बेसचा नॉब मध्यावर आणला, लो-मिड (खर्जाच्या जरा वरचे सूर) किंचित वर, हाय-पास फिल्टर (ठरावीक पट्टीखालचे सूर गाळणारा) ३५ हर्ट्झवर. चार तारांच्या बेसची सगळ्यांत खालच्या सुराची ई तारच ४१ हर्ट्झची, त्यामुळे गेलं काहीच नाही. पुढच्या कार्यक्रमात कीबोर्डवाल्यानं आवाज कमी करायला सांगितलं.

जुना अँप जोरात वाजवला की त्याचा आवाज जरा मऊ फाटायचा, त्याची मात्र अजून आठवण येते.