सॉफ्टवुडच्या व्यापाराची तुलना करताय? या चुका टाळा

प्रोजेक्टची तारीख जवळ आली की सांगली-मिरजेची एम.कॉम.ची पोरं फाईल घेऊन येतात. कुपवाड एमआयडीसीत पाइनच्या पेट्या रोज दिसतात, त्यावरून विषय सुचतो: कॅनडा आणि न्यूझीलंडचा सॉफ्टवुड, म्हणजे पाइनसारख्या सूचीपर्णी झाडांच्या लाकडाचा व्यापार. विषय झकास. गोंधळ मात्र दरवर्षी तोच.

सगळ्यात वात आणणारी चूक मोजमापाची. विट्याच्या एका मुलाने कॅनडाचे आकडे अमेरिकी अहवालातून घेतले, बोर्ड फुटांत (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड लाकूड म्हणजे एक बोर्ड फूट). न्यूझीलंडचे घनमीटरमध्ये. मग गूगलवरून गुणक उचलला, हजार बोर्ड फूट म्हणजे २.३६ घनमीटर, आणि अख्खा रकाना गुणून मोकळा. गणित बरोबर, लाकूड चुकीचं! अमेरिका-कॅनडात ‘दोन बाय चार’ म्हणून विकली जाणारी रंधलेली पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, हिशेब मात्र दोन बाय चारचाच धरतात. त्याला म्हटलं, परदेशी मशीनच्या खोक्याची तसली एखादी पट्टी मिळते का बघ. आणली, टेप लावला.

“सर, अर्धा इंच कुठं गेला?”

“सुकताना आणि रंध्याखाली.”

आठ चौरस इंचांच्या जागी सव्वापाच. म्हणजे असल्या मालाच्या हजार बोर्ड फुटांत खरं लाकूड जेमतेम १.५५ घनमीटर. पठ्ठ्याचा कॅनडा दीडपट फुगला होता, आणि त्यावर गाइडची सहीसुद्धा झाली होती! मी मूळ आकडा आणि मूळ एकक कधीच पुसत नाही, बदललेला आकडा शेजारच्या रकान्यात लिहितो. पोरांना याचा कंटाळा येतो. येऊ दे. आपल्या वखारीत तरी काय, ओंडक्याच्या घेराचा चौथा हिस्सा घेऊन घनफूट काढतात, तो खऱ्याच्या ७८.५ टक्केच भरतो.

दुसरी आवडती चूक कोडची, म्हणजे व्यापाराच्या आकडेवारीत प्रत्येक मालाला दिलेल्या एचएस क्रमांकाची. चिरलेल्या सॉफ्टवुडचा कोड होता ४४०७१०. २०१७ मध्ये तो फोडून ४४०७११, १२ आणि १९ केले, २०२२ मध्ये १३ आणि १४ आले. जुनाच कोड टाकून डाउनलोड मारला की २०१७ नंतर शून्य. त्यावर ‘निर्यात कोसळली, कारण जागतिक मंदी’ असा परिच्छेद लिहिलेला मी वाचलाय. सगळे कोड बेरजेला घ्या, आणि सांध्याच्या वर्षी दोन्ही देशांनी नवे कोड एकाच वेळी लावले का, तेही तपासा.

फक्त डॉलर बघू नका. मे २०२१ मध्ये शिकागोच्या वायदेबाजारात हजार बोर्ड फुटांचा भाव १,६०० डॉलरच्या वर गेला होता, झाडं काही तितकी वाढली नव्हती.

न्यूझीलंड ओंडकेच जास्त विकतो, त्यामुळे ओंडक्यांचा कोड ४४०३ वगळलात तर तो उगाच किरकोळ दिसेल.

आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांच्या आकड्यांचं वेगळं असू शकतं. मासिक आकडे घेऊन जुळवा.

आयातीच्या किमतीत बहुतेक देश भाडं आणि विमा धरतात, निर्यातीत नाही. एका देशाची आयात आणि दुसऱ्याची निर्यात शेजारी ठेवून ‘तफावत’ शोधू नका.

कॅनडाच्या रेषेला २०१५ नंतर हिसके दिसले तर आधी करार बघा. अमेरिकेशी झालेला २००६ चा सॉफ्टवुड करार ऑक्टोबर २०१५ मध्ये संपला आणि २०१७ पासून पुन्हा शुल्क लागलं. एवढं न वाचता ट्रेंडलाइन ओढणाऱ्याची फाईल मी उघडतच नाही.