इमेज केवढी द्यावी? वेब डेव्हलपमेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

महापे आणि ऐरोलीच्या कंपन्यांत इंटर्न म्हणून येणारी मुले बहुधा एकच प्रश्न विचारतात: मोबाइलसाठी इमेज किती पिक्सेलची असावी आणि लॅपटॉपसाठी किती? माझ्या मते विचाराची सुरुवात उपकरणापासून न करता, त्या पानावर इमेजला प्रत्यक्ष किती जागा मिळते, येथून करावी.

ठाण्यातील एका साडीच्या दुकानाच्या संकेतस्थळावर काम करताना हे मला नीट उमगले. पैठण्यांची यादी मोबाइलवर दोन रकान्यांत दिसत असे. पडदा ३६० सीएसएस पिक्सेल (पानाची मांडणी मोजण्याचे एकक, पडद्यावरचा खरा ठिपका नव्हे) रुंद असेल आणि दोन्ही कडांना व मध्ये १६ पिक्सेल मोकळे सोडले, तर प्रत्येक छायाचित्राच्या वाट्याला १५६ पिक्सेल येतात. फोनची घनता तिप्पट असेल, म्हणजे एका सीएसएस पिक्सेलच्या रुंदीत तीन खरे पिक्सेल बसत असतील, तर ४६८ खरे पिक्सेल लागतात, म्हणजे ४८० रुंदीची फाइल पुरते. मोठ्या पडद्यावर चार रकाने होत असले तरी तेथेही ६४० च्या फाइलने काम भागत होते. यादीसाठी ३२०, ४८० आणि ६४०, तर साडीच्या स्वतंत्र पानासाठी ९६० आणि १२०० अशा पाच रुंदी आम्ही सर्व छायाचित्रांसाठी तयार केल्या आणि त्या ‘सोर्ससेट’ (srcset) या, ब्राउझरला फाइलींची यादी देणाऱ्या एचटीएमएल ॲट्रिब्यूटमध्ये लिहिल्या.

मात्र केवळ सोर्ससेट लिहून भागत नाही, आणि नवोदितांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो येथेच. ब्राउझर इमेज निवडतो तेव्हा सीएसएस, म्हणजे मांडणीचे नियम, बहुधा पोहोचलेलेच नसते, त्यामुळे मांडणीत दोन रकाने आहेत हे त्याला ठाऊक नसते. इमेजला किती रुंदी मिळणार हे सांगण्याचे काम ‘साइझेस’ (sizes) हे ॲट्रिब्यूट करते. ते लिहिले नाही तर इमेज पडद्याच्या पूर्ण रुंदीची आहे असे ब्राउझर धरून चालतो, ३६० ची तिप्पट म्हणजे १०८० पिक्सेल हवेत असा हिशेब करतो आणि ४८० ऐवजी १२०० ची फाइल मागवतो. रुंदी अडीचपट झाली की पिक्सेल सहापटीहून अधिक होतात, आणि पान दिसायला मात्र अगदी व्यवस्थित दिसते. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

तिचा भार वाहतो तो मंद इंटरनेट जोडणीवरचा ग्राहक. लाइटहाउस या पान तपासणाऱ्या गूगलच्या साधनाच्या मोबाइल चाचणीत सेकंदाला १.६ मेगाबिट वेग गृहीत धरतात. त्या वेगाने प्रत्येकी ४० केबीच्या १२ इमेजेस सुमारे अडीच सेकंदांत येतात. त्याच २५० केबीच्या असतील तर १५ सेकंद लागतात. मंद जोडणीवर ब्राउझर आपण होऊन लहान फाइल निवडेल, या भरवशावर राहू नये. एचटीएमएलच्या मानकाने त्याला ती मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही.

वेबपी किंवा एव्हीआयएफ हे इमेजचे फॉरमॅट वापरल्यास वजन आणखी घटते, पण गुणवत्तेचा आकडा सर्व छायाचित्रांना सरसकट लावणे मला मान्य नाही. साध्या सुती साडीच्या छायाचित्राची फाइल लहान करण्यासाठी जो दाब (कॉम्प्रेशन) चालतो, त्याच दाबाने पैठणीच्या पदरावरील जरीकाम पुसट होते, आणि ग्राहक तर जरीकाम पाहूनच साडी निवडतो. तेथे थोडे अधिक केबी खर्च करावेत.

प्रत्येक इमेजला रुंदी आणि उंची लिहावी, म्हणजे ती येताना मजकूर खाली सरकत नाही. खालच्या इमेजेसना ‘लेझी’ लोडिंग द्यावे, म्हणजे वाचक त्यांच्याजवळ येईपर्यंत त्या मागवल्या जात नाहीत. पान उघडताच दिसणाऱ्या मुख्य इमेजला मात्र ते कधीही देऊ नये, अन्यथा जी सर्वांत आधी हवी तीच उशिरा येते.

काम झाल्यावर ऑफिसच्या वाय-फायवर समाधान मानू नये. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये इंटरनेटचा वेग कमी करून पाहावे आणि शक्य असल्यास साधा अँड्रॉइड फोन घेऊन ठाणे–वाशी लोकलमध्येही पान उघडावे. कोणती फाइल खरोखर आली, हे त्याच टूल्समध्ये इमेजच्या ‘करंट सोर्स’मध्ये (currentSrc) कळते. ते पाहण्यापूर्वी कॅश बंद करावी, कारण मोठी फाइल आधीच साठवलेली असेल तर ब्राउझर तीच दाखवू शकतो आणि साइझेस बरोबर लिहिले आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही.