दुर्गम भागातील दूरसंचार जाळे सांभाळताना: सुरुवात विजेपासून

जिथे वीज बेभरवशाची, रस्ते कच्चे आणि तंत्रज्ञ मोजके असतात, तिथे महागडी देखरेख प्रणाली विकत घेण्याआधी आपल्या जाळ्यात नेमके काय आहे याची नोंद पूर्ण करावी. प्रत्येक टॉवरवरील उपकरणे, बॅटरी बसवल्याची तारीख, केबलचा मार्ग आणि कुठले केंद्र कुठल्या केंद्रावर अवलंबून आहे, हे एकाच ठिकाणी असले पाहिजे. बदल करणाऱ्यानेच त्याच दिवशी नोंद सुधारावी.

त्यानंतर विजेकडे वळावे, कारण अशा भागांत केंद्र बंद पडण्यामागे रेडिओ उपकरणापेक्षा वीजपुरवठाच अनेकदा कारणीभूत असतो. मुख्य पुरवठा, बॅटरीचा व्होल्टेज, डिझेलची पातळी आणि खोलीचे तापमान या चार गोष्टींची मोजमापे सतत नियंत्रण कक्षात येतील अशी सोय करावी. तापमानाकडे दुर्लक्ष होते, हे मला विशेष खटकते: लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारणपणे २५ अंश सेल्सिअस गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर १० अंशांच्या वाढीला ते जवळपास निम्मे होते, त्यामुळे सावली आणि हवा खेळती ठेवण्यावर केलेला खर्च लवकर भरून निघतो. बॅटरी किती वेळ टिकते हे कागदावरून न ठरवता ठरावीक काळाने प्रत्यक्ष भार देऊन तपासावे.

देखरेखीसाठी झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएससारखी मुक्त सॉफ्टवेअर पुरेशी ठरतात. जाळ्यातील उपकरणांची स्थिती दुरून विचारण्यासाठी १९८८ पासून वापरात असलेला एसएनएमपी हा प्रोटोकॉल (संवादाची ठरलेली पद्धत) बहुतेक उपकरणांना कळतो. मात्र केंद्रांचे परस्परावलंबन प्रणालीत भरले नाही, तर एक मुख्य लिंक तुटताच तिच्यामागच्या सगळ्या केंद्रांचे अलार्म एकदम वाजतात आणि मूळ बिघाड त्या गर्दीत हरवतो. ज्या अलार्मवर कोणी काहीच कृती करत नाही, तो बंद करावा किंवा केवळ नोंदीपुरता ठेवावा. लिंक तुटलेली असताना मोजमापे केंद्रावरच साठवली जातील आणि जोडणी परत येताच पाठवली जातील, अशी व्यवस्था हवी. नाहीतर बिघाडाच्या नेमक्या वेळचीच माहिती मिळत नाही.

फायबरला शक्यतो वर्तुळाकार मार्ग द्यावा, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने जोडणी टिकते. मात्र हे दोन्ही मार्ग एकाच चरातून जात असतील, तर एकाच खोदकामात दोन्ही तुटतील.

उपलब्धतेचे उद्दिष्ट ठरवताना टक्के तासांत मोजून पाहावेत: ९९ टक्के म्हणजे वर्षात सुमारे साडेतीन दिवस सेवा बंद, तर ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तासांच्या आसपास. तंत्रज्ञाला केंद्रावर पोहोचायलाच दिवस लागत असेल, तर दुसरे उद्दिष्ट एका फेरीतच हुकते. म्हणून परिसरातीलच व्यक्तींना फ्यूज बदलणे, जनरेटर सुरू करणे, दिव्यांवरून उपकरणाची स्थिती ओळखून फोनवर सांगणे असे प्रशिक्षण आणि त्याचा नियमित मोबदला द्यावा, आणि वारंवार लागणारे सुटे भाग मुख्यालयात न ठेवता त्यांच्या जवळच्या केंद्रावर ठेवावेत.