जुन्या सॅन स्टॉर्ममध्ये अल्टोच्या सीटा बसवताना

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं कुशनचं दुकान आहे. ट्रॅक्टर, पिकअप, काळीपिवळी, लग्नाआधी नवरदेवाची बोलेरो, सगळ्यांच्या सीटा या हातांनी शिवल्या. पण दोनच माणसांची, वरून उघडी गाडी दुकानासमोर उभी राहिली ती पहिल्यांदाच. शहाद्याकडचे एक आप्पा. पपईचे बागाईतदार. नव्वदीच्या शेवटी-शेवटी गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म, फायबरच्या अंगाची, रेनोचं 1149 सीसीचं इंजिन. त्यांनी ती कुणाकडून तरी घेतली, हौस फिटली आणि मग गाडी कितीतरी वर्षं शेडात कापसाच्या ढिगाशेजारी पडून. इंजिन त्यांनी नीट करून घेतलं होतं. सीटवर मी नुसता तळवा दाबला तर आतून पिवळा भुगा शिवणीतून बाहेर आला. आपल्याकडच्या वैशाखात बंद शेडात फोमचं दुसरं काय होणार?

खरं तर मी त्यांना म्हटलं, जुन्या सांगाड्यावरच नवा फोम भरतो. पण सांगाडा उघडला तर खालची नळी गंजून कागदासारखी झालेली. मग ठरलं, दुसऱ्या गाडीच्या सीटा टाकायच्या. हे काम करताना मी दोनदा चुकलो. तुम्ही चुकू नये म्हणून हा खटाटोप.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोक भंगारात जाऊन आधी छान दिसणारी सीट उचलतात आणि मग ती गाडीत कोंबायला बघतात. उलटं करायचं. आधी ढुंगण कुठं आणि किती उंचावर टेकणार ते ठरवायचं, सीट नंतर.

त्यासाठी जुन्या सीटा काढा आणि गाडीत बारदानाच्या घड्या घाला. आमच्याकडे जिनिंगमुळे बारदानाला तोटा नाही. घडीवर फळी, फळीवर गाडी चालवणारा माणूस. पाठीला दुसरी फळी लावून कुणीतरी धरायची. आता एकेक घडी काढत किंवा घालत जा. नजर समोरच्या काचेच्या मधोमध आली पाहिजे. वरच्या चौकटीशी आली तर सीट उंच झाली. कापडी छत लावून डोक्यावर चार बोटं जागा राहते का बघा. क्लच पूर्ण दाबताना गुडघा स्टिअरिंगला घासतो का बघा. सगळं जुळलं की तळापासून फळीच्या वरच्या बाजूपर्यंत मोजा. आप्पांच्या बाबतीत हे माप 190 मिलिमीटर निघालं. हे दबलेल्या सीटचं माप, हे विसरू नका. माणूस बसला की फोम चार-पाच सेंटीमीटर दबतो. रिकाम्या सीटला टेप लावून खूश होणारे पुष्कळ पाहिले.

रुंदीसाठी पुठ्ठा. दाराचा उंबरा आणि गियरच्या बाजूचा उंचवटा यांच्यात सगळ्यात अरुंद जागा असेल तिथला पुठ्ठा कापा आणि खिशात ठेवा. भंगारात टेप काढून मोजत बसलात की भाव वाढतो, पुठ्ठा लावून बघितलात तर कुणाला कळत नाही. बैठकीचीच रुंदी धरू नका. पाठ मागे करायच्या खटक्याचं प्लॅस्टिकचं झाकण बाहेर येतं, तेच दाराला अडतं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सुटली पाहिजे, आणि हँडब्रेक ओढताना बोटांची हाडं सीटला लागायला नकोत.

आता कुठल्या गाडीची सीट? उघड्या छोट्या गाडीला अंगाने लहान, डोक्याचा टेकू पाठीतच असलेली सीट बरी पडते. अल्टो 800, ईऑन, क्विड, ह्यांच्या पुढच्या सीटा तशाच. मी अल्टो निवडली, कारण सीट हलकी आहे, गल्लोगल्ली मिळते आणि तिचा फोम मला तोंडपाठ आहे. नव्या गाड्यांच्या महागड्या सीटांच्या पोटात बाजूची एअरबॅग असते. पाठीच्या कडेला तशी खूण किंवा खालून पिवळ्या वेष्टनाची वायर दिसली की ती सीट जागेवरच ठेवा. ते उघडत बसणं आपलं काम नाही.

सीट विकत घेण्याआधी ती उलटी करा. स्लायडरच्या, म्हणजे सीट मागे-पुढे सरकते त्या रुळाच्या, खाचेत वाळलेला बारीक गाळ दिसला तर ती गाडी पुरात बुडालेली. रूळ मागे-पुढे सरकवून दोन्ही टोकांना खटका नीट बसतो का ऐका. पाठ धरून पिळून बघा, एका बाजूला झुकली तर अपघातातली. उजवी आणि डावी सीट वेगळी असते, दोन्ही उजव्या घेऊन येऊ नका. हसू नका, आमच्या पोरानं आणल्या होत्या.

आता मुख्य काम. प्रत्येक सीटच्या स्लायडरखाली पत्र्याचे पाय असतात, आणि ते ज्या गाडीतून आले त्या गाडीच्या तळाला बेतलेले. पुढचे वेगळे, मागचे वेगळे. माझी पहिली चूक तिथेच. मी पायांसकट सीट ठेवली, चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे सरकवून सपाट केली आणि आप्पांना म्हटलं, बसा. आप्पा बसले, हात स्टिअरिंगवर ठेवले, काचेच्या चौकटीवरून समोर बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, हाई ते बैलगाडीना धुरावर बठेलगत वाटस." मोजलं तर 80 मिलिमीटर उंच.

पाय काढावेच लागतात. रिबीट असेल तर ड्रिलने उडवा, ठिपक्याचं वेल्डिंग असेल तर ग्राइंडरने हळूहळू घासा. घाई करून रुळाला धक्का लावू नका. आणि स्लायडरच्या रुळाला वेल्डिंग अजिबात नको. तापला की तो वाकतो, नरम होतो आणि धक्क्याच्या वेळी खटका सुटू शकतो. पायांऐवजी मी 40 बाय 5 मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या वापरल्या. एका सीटला दोन, आडव्या, एक पुढे एक मागे. त्यांच्यावर रूळ बसवायचा तो चपट्या डोक्याच्या एम-8 बोल्टने, डोकं रुळाच्या आतून. बोल्ट कसण्याआधी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा, डोकं आतल्या गोळ्यांना अडलं तर सीट अर्ध्यावर अडकते. पुढची पट्टी मागच्यापेक्षा 15 ते 20 मिलिमीटर उंच ठेवा. मांडीला आधार मिळतो आणि ब्रेक मारल्यावर माणूस पुढे घसरत नाही. हा उतार न ठेवता सीट सपाट बसवली की तासाभरात कंबर बोलू लागते.

दोन्ही रूळ समांतर पाहिजेत, आणि हे डोळ्याने कळत नाही. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलटा, असे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. माझ्या पहिल्या जोडीत तीन मिलिमीटरचा फरक होता. टेबलावर सीट लोण्यासारखी सरकत होती, गाडीत कसल्यावर माणूस बसला की जागची हलेना.

सीट सरळ आहे की नाही तेही बघा. स्टिअरिंगच्या मध्यातून सुतळी ताणून मागे पाठीच्या मध्याशी आणा. सुतळी सीटच्या मध्याला लागायला हवी. अशा गाडीत पेडल आधीच थोडे आतल्या बाजूला असतात, त्यात सीटही तिरकी बसली तर घाट उतरताना कमरेचा पीळ पडतो.

आता तळाला भोकं. इथं थांबा आणि खाली झोपा. खरंच, गाडीखाली झोपा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायर कुठून जाते ते खडूने तळावर आखा. वरून भोक पाडलं आणि खाली पेट्रोल गळलं असं ऐकलेलं आहे. माझ्या हातून ते झालं नाही, दुसरं झालं. गालिचा न काढताच ड्रिल लावलं. बिटानं एक धागा पकडला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत हातभर गालिचा गुंडाळून मशीन हातातून फिरलं. मनगट आठवडाभर सुजलेलं होतं. गालिचा आधी काढा. नाहीच काढता आला तर ब्लेडने रुपयाएवढं भोक कापून घ्या.

सॅन स्टॉर्मचं अंग फायबरचं, वजन पेलायला खाली लोखंडी सांगाडा. सीट फायबरच्या भरवशावर कधीच कसायची नाही. फायबर ताण घेत नाही, बोल्टच्या डोक्याखाली चुरा होऊन भोक मोठं होत जातं. जिथे खाली लोखंड सापडतं तिथेच बोल्ट घ्या, किंवा पट्टी तिथपर्यंत लांबवा. जिथे नाइलाजाने मधे फायबर येतो तिथे भोकात लोखंडी नळीचा तुकडा घाला, फायबरच्या जाडीएवढाच. म्हणजे बोल्ट कसला तरी दाब नळीवर येतो, फायबरवर नाही. खालून 3 मिलिमीटर जाडीची, 75 मिलिमीटर चौरस प्लेट, कोपरे घासून गोल केलेले. टोकदार कोपरा ठेवला की तिथूनच तडा जातो. भोक पाडताना वरून मास्किंग टेप लावा, कड फुटत नाही. नाकाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा. फायबरची धूळ अंगाला लागली की खाजकुयली बरी म्हणायची वेळ येते. भोकाच्या कडेला रेझिनचा हात फिरवा, नाहीतर पाणी आत मुरतं.

पत्र्याच्या तळाची जुनी गाडी असेल तर काम सोपं, पण आधी तळ हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा. ठणठण आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आधी वेल्डरकडे.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा बघूनच घ्या. एम-8 असेल तर साधारण 25 न्यूटन मीटर, एम-10 असेल तर 45 च्या आसपास कसायचं. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने कसलं ते दाखवणारा पाना, नसेल तर शेजारच्या टायरवाल्याकडून तासाभरासाठी आणा. आणि लॉकनट, नुसता स्प्रिंग वाशर नाही.

सीटबेल्ट ही स्वतंत्र गोष्ट आहे, आणि इथे माझं मत ठाम आहे. जुन्या गाडीत पट्ट्याचा आणि तो अडकवायच्या कुलपाचा (बकलचा) बोल्ट गाडीच्या सांगाड्यात असतो. तो तिथेच राहू द्या. नव्या सीटला कुलूप सीटच्याच सांगाड्यावर असेल तर ते काढून टाका, कारण त्याचा अर्थ असा की धक्क्याच्या वेळी माणसाचं सगळं ओझं तुम्ही दुकानात बनवलेल्या पट्टीवर येणार. कारखान्याची गोष्ट वेगळी, माझ्या पट्टीची वेगळी. पट्ट्याचा बोल्ट साधारण साडेतीन सूत जाडीचा कुठलाही चालत नाही, त्याला 7/16 इंचाचा बारीक आट्याचा खास बोल्ट असतो. दुकानदार 'हा बसून जाईल' म्हणाला तरी घेऊ नका. सीट खाली गेल्यावर पट्टा मानेला घासतो का, की खांद्यावरून नीट येतो, तेही बसून बघा.

उरलेली उंची फोममधून गेली. अल्टोच्या बैठकीचा फोम साच्यात ओतलेला असतो. वरून कापाल तर आकार बिघडेल, म्हणून उलटा करून लांब पात्याच्या सुरीने खालून 20 मिलिमीटर उतरवला. बाजूचे उंचवटे सोडून. ढुंगणाच्या हाडाखाली घट्ट फोमची पातळ चकती चिकटवली, नाहीतर पातळ झालेल्या फोममधून खालची तार टोचते. वरून काळं रेक्झिन घालायचा आप्पांचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. उघड्या गाडीत, मे महिन्यात, दुपारी दोनला काळ्या रेक्झिनवर बसून दाखवा आणि मग बोला. फिकट राखाडी जाड कापड घेतलं, कडा तेवढ्या तपकिरी रेक्झिनच्या.

आरटीओचं विचाराल तर, आरसीवर दोन सीट आहेत, दोनच ठेवल्या. मागे पोरांसाठी बाकडं टाकू म्हणाल तर तो वेगळा मामला, माझ्याकडे येऊ नका. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, तेव्हा तपासणीत सीट हलवून बघतात.

तपासणी आम्ही आपलीच केली. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर, चहा, परत खाली. प्रत्येक नटवर आधी पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती, नट फिरला की रेघ तुटते. खाली आल्यावर मागची डावी रेघ केसभर सरकलेली. प्लेटखाली रंगाचा थर राहिला होता, तो दबला. खरवडून पुन्हा कसलं, दोनशे किलोमीटरनंतर परत बघितलं, रेघ जागेवर.

जुने सांगाडे फेकले नाहीत. उद्या कुणाला ही गाडी अस्सल स्वरूपात हवी असेल तर तेच हवे असणार. तेल लावून, बारदानात गुंडाळून आप्पांच्या गोडाऊनच्या माळ्यावर ठेवलेत. सोबत नट-बोल्टांची बाटली, आणि बाटलीत चिठ्ठी, कुठला बोल्ट कुठल्या भोकाचा.