पियानोतील आर्द्रता-नियंत्रकाचे दिवे : या चुका टाळा

पियानोत बसवलेल्या डॅम्प-चेझर या आर्द्रता-नियंत्रकाच्या पूर्ण संचात तीन लहान दिवे असतात. हिरवा दिवा वीजपुरवठा चालू असल्याचे दाखवतो, पिवळा लुकलुकू लागला की टाकीत पाणी घालायचे असते आणि लाल लुकलुकला की पाणी शोषणारे पॅड बदलायचे असतात. एवढे पाठ झाले की आपले काम संपले, अशी समजूत मला रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी आढळते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हिरव्या दिव्यावर विसंबणे. संचातील रॉड, म्हणजे विजेवर तापणारी दांडी, हवेतले पाणी गोळा करत नाही. तो आजूबाजूची हवा किंचित तापवतो, त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, आणि रॉड केव्हा चालवायचा व हवेत ओलावा सोडणारी टाकी केव्हा, हे ह्युमिडिस्टॅट, म्हणजे आर्द्रता ओळखून चालू-बंद होणारा स्विच, ठरवतो. रॉड निकामी झाला तरी हिरवा दिवा तसाच तेवत राहतो. म्हणून आषाढ-श्रावणात मी प्रथम पियानोची खालची फळी काढून रॉडला हात लावतो. बाहेर पाऊस कोसळत असताना तो कोमट लागलाच पाहिजे.

दुसरी चूक पिवळ्या दिव्याची. मालवणजवळच्या एका घरी ऐन जुलैत पट्ट्या इतक्या फुगल्या होत्या की दाबलेली पट्टी वर येत नव्हती. हिरवा दिवा चालू होता आणि पिवळा वारंवार लुकलुके, म्हणून घरची मंडळी मोठ्या निष्ठेने टाकी भरत होती. "आमी पाणी घालूक कधीच चुकलव नाय," असे मला सांगण्यात आले. वस्तुतः कोकणच्या पावसाळ्यात टाकीतले पाणी जवळजवळ आटायलाच नको, आणि ते आटत होते हीच खरी धोक्याची सूचना होती. आत पाहिले तेव्हा रंगकामाच्या वेळी काढलेल्या वायरी उलट जोडलेल्या दिसल्या. रॉडच्या जागी टाकी आणि टाकीच्या जागी रॉड. हवा दमट झाली की टाकी चालू होई आणि पियानोत आणखी दमटपणा सोडी. प्रत्येक वायरीवर खूण होती, ती वाचण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. जोडणी सुधारल्यावर, गणपतीच्या आत सूर लावून द्या, असा आग्रह झाला, तो मी मानला नाही. फुगलेला साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी, सावकाश पूर्ववत होतो, आणि त्याआधी लावलेला सूर पुन्हा उतरतो. हे ज्यांना ऐकायचे नसते त्यांनी दोनदा पैसे मोजण्याची तयारी ठेवावी.

एसीच्या खोलीत मात्र हवा कोरडी पडते, तेथे पिवळा दिवा लागणे स्वाभाविक आहे. पाणी नळीतून धीराने घालावे. घाईने ओतलेले पाणी बाहेर सांडते.

लाल दिवा लागल्यावर पॅड धुऊन पुन्हा वापरू नयेत, कारण क्षारांनी ताठर झालेला पॅड पाणी ओढत नाही. रात्री किंवा मुंबईला जाताना स्विच बंद करणे ही काटकसर नव्हे. हिरवा दिवा विझला तर संच उघडण्याआधी प्लग पाहावा. खाऱ्या हवेने त्याच्या पिना गंजतात. संचाऐवजी पियानोत साधा बल्ब लावण्याचा जुना उपाय मी कोठेही चालू देत नाही, कारण त्याला थांबवणारा ह्युमिडिस्टॅट नसतो आणि लाकूड एकाच जागी तापून तडकते.

मी प्रत्येक पियानोत एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ठेवायला लावतो आणि त्याचा आकडा आठवड्यातून एकदा वहीत लिहायला सांगतो. पावसाळ्यात तो आठवड्यामागून आठवडे चढत राहिला, तर दिवे काहीही दाखवोत, रॉड तपासून घ्यावा.