सहावी ते आठवीचा रोबोटिक्सचा तास: या चुका टाळा

ठाण्यात, ऐरोली-वाशीकडे आता बऱ्याच शाळांत रोबोटिक्सचा तास असतो. किटमधली गाडी जोडून होते, धावते, टाळ्या पडतात, तास संपतो. पण विज्ञान शिकवायचं तर खरा धडा गाडी अडते तिथे सुरू होतो, आणि नेमकी तीच वेळ आपण घाईत उरकतो.

सर्वांत जास्त दिसणारा घोळ ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा. आर्डुइनोचा, म्हणजे गाडीचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाचा दिवा लागतो, मोटर सुरू होताच विझतो, पुन्हा लागतो. मुलं म्हणतात, "सर, प्रोग्रॅम चुकला." आपण नवी बॅटरी लावून देतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यापेक्षा व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर मुलांच्या हाती द्या. मोटर बंद असताना आकडा नऊच्या आसपास, सुरू झाली की झपकन खाली! बॅटरीला स्वतःचाही रोध असतो. मोटरने जास्त करंट ओढला की काही व्होल्टेज आतच खर्ची पडतं. हे फळ्यावर कितीही समजावलं तरी असं पटत नाही. मग मोटरसाठी चार पेन्सिल सेल वेगळे जोडा, आर्डुइनोला ९ व्होल्टची बॅटरी राहू द्या. दोन्हींचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकांच्या तारा, मात्र एकमेकांना जोडा, नाहीतर गाडी नीट चालणार नाही. सहाच व्होल्टवर ती का पळते, हे मुलांनाच शोधू द्या.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी खिडकीपाशी भरकटली, तर लगेच सेन्सर बदलू नका. सेन्सर पट्टी ओळखतो ती इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने, आणि उन्हातही इन्फ्रारेड असतं. पडदा ओढून फरक बघू द्या.

अंदाज न लिहिता मोजायला लावणं ही आणखी एक चूक. ६.५ सेंमी व्यासाचं चाक एका फेरीत साधारण २०.४ सेंमी जातं, म्हणजे दहा फेऱ्यांत दोन मीटर. चाकावर रंगीत टेप चिकटवा, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये फेऱ्या मोजा. गुळगुळीत लादीवर अंतर कमी भरलं, तर चाक घसरतंय. घर्षणाचा धडा तिथेच घ्या.

गट तिघांचाच ठेवा. सहा जणांत स्क्रूड्रायव्हर एकाच मुलाकडे राहतो आणि वही मुलींकडे जाते. दर तासाला कामं बदला, आग्रहाने बदला.

आणि तास संपला की सेल काढून ठेवा. आपल्या दमट पावसाळ्यात होल्डरच्या स्प्रिंगा गंजतात. गाडी मधूनच बंद पडत असेल तर आधी तिथे पॉलिश पेपर मारून बघा.